घोडा घ्यावा का? आधी वर्षभर दुसऱ्याचा सांभाळा

गोठा आणि तबेला : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही निपाणी भागातले. दोन एकर ऊस, थोडं तंबाखूचं रान आणि दारात दोन म्हशी, एवढा आमचा पसारा. थोरली मुलगी तेरा वर्षांची, आठवीत आहे. आठ महिने झाले, दर रविवारी कोल्हापूरला घोडेस्वारी शिकायला जाते. यंदा शिवजयंतीच्या मिरवणुकीत ताराराणीच्या वेशात घोड्यावर बसली, तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. माझे वडील म्हणतात, "आमच्या आज्याच्या दारात घोडी होती, पोरीला घेऊन द्या." ओळखीच्या एका दलालाने अकलूजच्या बाजारातून आणलेलं दोन वर्षांचं पांढरंशुभ्र नुकरा शिंगरू दाखवलंय. दोघं बरोबरच मोठी होतील, चांगली गट्टी जमेल, असं तो म्हणतो. आमच्या मंडळींचा, म्हणजे मुलीच्या आईचा, मात्र विरोध आहे. मुलगी घोडा ठेवायला तयार आहे का, तुम्हीच सांगा. सोबत तिची चिठ्ठी जोडली आहे.

चिठ्ठी : डॉक्टर मावशी, मला ट्रॉट (दुडकी चाल) पक्का येतो, कँटर (त्याहून वेगाची चाल) थोडा थोडा येतो. मी अजून एकदाही पडले नाही. रोज पाचला उठीन. बाबांना हो म्हणायला सांगा ना.

उत्तर : सरळच सांगते. आत्ता घोडा घेऊ नका, आणि ते शिंगरू तर कुणी फुकट दारात आणून बांधलं तरी घेऊ नका. पण 'आत्ता नको' याचा अर्थ 'कधीच नको' असा घेऊ नका. मुलीची ओढ खरी आहे, चिठ्ठीतून कळते. "अभ्यास कर" म्हणून तिला गप्प बसवू नका.

रविवारी ती क्लासला पोचते तेव्हा घोडा खोगीर कसून उभा असतो. पहाटेपासून मोतद्दाराने, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्या माणसाने, शेण काढलेलं असतं, पाणी पाजलेलं असतं, दाण्याची चंदी दिलेली असते, अंग घासून खरारा केलेला असतो. तास संपला की लगाम परत त्याच्या हातात. म्हणजे आठ महिन्यांत मुलगी घोड्यावर बसायला शिकली. चांगलं शिकली असेल. घोडा सांभाळायला ती अजून शिकलेलीच नाही, कारण ते तिला कुणी करूच दिलेलं नाही. घरी घोडा आला की स्वारीचा तास एक, आणि उरलेले तेवीस तास त्याची भूक, तहान, माश्या, ओल, पोट, पाय हे सगळं तुमच्या घराच्या अंगावर.

तुमच्यापासून जवळच कृष्णाकाठी अंकली आहे. माउलींच्या पालखीचे मानाचे अश्व तिथल्या शितोळे सरकारांच्या वाड्यातून दरवर्षी वारीआधी पायी आळंदीला निघतात. रिंगणात धावणाऱ्या दोन अश्वांपैकी एकावर स्वार असतो, दुसऱ्यावर कुणी बसत नाही, तो माउलींचा. आपल्या भागातल्या सगळ्यांत मानाच्या घोड्याच्या पाठीवर माणूस बसतच नाही, आणि त्याची सेवा मात्र बारा महिने करावी लागते. अश्व अंकलीहून निघतात त्या दिवशी मुलीला घेऊन जा. घोड्यापेक्षा घोड्याभोवतीच्या माणसांचे हात काय करतात ते तिला बघू दे.

आता पायाचं बोलू. रोज चारही खूर उचलून साफ करावे लागतात. पुढचा पाय असेल तर घोड्याच्या खांद्याशी, शेपटीकडे तोंड करून उभं राहायचं. हात खांद्यावरून सरकवत खाली नळीपर्यंत न्यायचा आणि मागची शीर हलके दाबायची, सवयीचा घोडा पाय उचलून देतो. मग लोखंडी आकडा टाचेकडून पुढच्या टोकाकडे ओढायचा, उलटा कधीच नाही. तळव्यात मधोमध रबरासारखा एक त्रिकोणी भाग असतो. त्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत चिखल, शेण, एखादा खडा घट्ट बसलेला असतो. तो काढला की नाक जवळ न्यायचं. कुजका वास आला, काळी चिकट घाण दिसली तर खूर कुजायला लागलंय असं समजायचं. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर बांधलेल्या घोड्यात हे हटकून होतं, आणि घोडा लंगडायला लागेपर्यंत दुखणं आत गेलेलं असतं. तुमची मुलगी हे एकटीने, न घाबरता, चारही पायांना करते का? मागच्या पायांना करते का? क्लासच्या सरांना विचारा.

खूर तासायला आणि नाल बदलायला दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद लागतो. बैलांना पत्र्या मारणारा माणूस तुमच्या गावात असेल, पण ते काम वेगळं आणि हे वेगळं. खूर चुकीचं तासलं तर चालच बिघडते. घोडा घेण्याआधी नालबंद शोधा, नंतर नाही.

आणि पोटशूळ. घोड्याच्या घरात याची भीती सगळ्यांत मोठी, आणि नवख्यांना हीच माहीत नसते. घोड्याला उलटी करता येत नाही. जठर शरीराच्या मानाने लहान आणि आतडं लांबलचक, त्यामुळे चारा एकदम बदलला, दाणा जास्त झाला, पाणी कमी पडलं, बुरशी आलेली वैरण खाल्ली की वायू किंवा घट्ट शेण अडकून बसतं. माझी नोकरी पशुवैद्यक म्हणून याच भागात झाली. हुक्केरीकडे एका वरातीच्या घोडीला वाड्यातल्या पोरांनी उरलेला भात आणि बुंदी ओंजळीने भरवली होती, अगदी प्रेमाने. रात्री घोडी कुशीकडे वळून वळून बघायला लागली, पुढच्या पायाने जमीन उकरायला लागली, बसायची, उठायची, लोळायची, घामाने निथळत होती. पोट सावरलं, जीव वाचला. पण त्या दाण्याचा दाह खुरांत उतरला आणि घोडी कायमची अधू झाली. त्या घरातल्या कुणालाही लक्षणं ओळखता आली नव्हती. घोडी "दमली असेल" म्हणून दोन तास तशीच ठेवली होती.

तुमच्या मुलीला हे ओळखता यायला हवं. निरोगी मोठ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४, ताप मोजला तर ९९ ते १०१ फॅरनहाइटच्या आसपास. नाडी जबड्याच्या हाडाखाली बोटाने लागते. घोडा चांगला असताना तिने ती रोज मोजलेली असेल तरच बिघडलेली कळेल. अशा वेळी चारा काढून घ्यायचा आणि डॉक्टरला फोन करायचा. बाटलीने गोडं तेल, ताक, सोड्याचं पाणी पाजण्याची आपल्याकडे खोड आहे. घोड्याला तसं जबरदस्तीने पाजू नका, ते फुप्फुसात जातं आणि पोटाऐवजी त्यानेच जनावर दगावतं. तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर दिवसभर गायी-म्हशी बघतात. घोड्याच्या नाकातून जठरापर्यंत नळी घालण्याचा सराव कुणाला आहे आणि रात्री कोण येईल, हे आधीच जाऊन विचारून ठेवा.

चाऱ्याचं तुमच्यासारख्या ऊसवाल्या घरांना मुद्दाम सांगते. साडेतीनशे किलोच्या घोड्याला दिवसाला साधारण ७ किलो कोरडी वैरण लागते. म्हणजे महिन्याला दोन क्विंटलच्या वर आणि वर्षाला अडीच टन, तीही स्वच्छ, बिनबुरशीची. पाणी दिवसाला २५ ते ४० लिटर, चैत्र-वैशाखात त्याहून जास्त. दारात वाडं, म्हणजे उसाच्या शेंड्याचा पाला, फुकट पडलेलं असतं म्हणून तेच घोड्याला घालायचं असा बेत असेल तर सोडून द्या. या पाल्यातला ऑक्झलेट नावाचा घटक कॅल्शियम अंगी लागू देत नाही. वर गव्हाचा कोंडा भरपूर दिला तर फॉस्फरस वाढतो, आणि दोन्ही मिळून हाडं पोखरतात, तोंडाची हाडं फुगल्यासारखी दिसायला लागतात. म्हशीला चालतं ते घोड्याला चालेलच असं नाही. म्हशीच्या गोळीपेंडीत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असेल तर ते घोड्याच्या हृदयाला थेट विष आहे. कोवळी हिरवी ज्वारीही नको. वाळलेलं गवत, हरळी, थोडा लसूणघास, आणि काम असेल त्या मानाने भिजवून शिजवलेले हुलगे किंवा थोडा हरभरा. हुलगे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या घोड्याला घालत आले आहेत, फक्त मूठ सांभाळून.

अंगणात देवाच्या फुलांसाठी कण्हेर लावलेली आहे का? असणारच. घोडा आणायच्या आधी ती मुळासकट काढा. मूठभर पानांनी घोडा मरतो, वाळलेली पानं वैरणीत गेली तरी मरतो. तंबाखूची ताटं आणि पाल्याचा ढीग जिथे असेल तिथे त्याला मोकळा सोडू नका.

आता त्या शिंगराकडे येते. दोन वर्षांच्या घोड्याचे पुढचे सगळे दात अजून दुधाचेच असतात. त्यांतले मधले दात अडीच वर्षांच्या सुमाराला बदलतात आणि तोंड पुरं व्हायला पाच वर्षं लागतात. पाठीचे मणके पक्के व्हायलाही तेवढीच, किंबहुना थोडी जास्तच. म्हणजे दलाल जे जनावर तुमच्या मुलीला बसायला देतोय ते बसण्याजोगं झालेलंच नाही. दोघं बरोबर शिकतील हे ऐकायला गोड वाटतं. पण लगाम म्हणजे काय, टाच म्हणजे काय हे घोड्याला माहीत नाही आणि स्वारालाही नीट माहीत नाही, मग कोण कुणाला शिकवणार? शिंगरू धक्के मारतं, चावतं, पुढचे पाय उचलतं, ते त्याचं वय आहे. नर असेल तर वर्षभरात घोडीचा वास आला की आवरणार नाही. तेरा वर्षांच्या मुलीच्या हातात ते देणं मला साफ नामंजूर आहे. शिवाय नुकऱ्याचं कातडं गुलाबी असतं. नाकाची, डोळ्यांभोवतीची कातडी आपल्या उन्हात भाजते. मिरवणुकीत तो शोभून दिसतो, त्याची निगा मात्र जास्त.

पहिला घोडा वयाने आठ ते पंधराच्या मधला, खच्ची केलेला किंवा शांत घोडी, लहान मुलांना आणि रहदारीला सरावलेला असावा. ट्रॅक्टरचा आवाज, डॉल्बी, फटाके यांनी न बिथरणारा. दिसायला साधा असला तर उत्तम, कारण मग त्याची किंमत रंगावर ठरत नाही. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त भार नको, म्हणजे साडेतीनशे किलोच्या घोड्यावर सत्तर किलो, खोगीर धरून. मुलीचा प्रश्न नाही. पण दारात घोडा बांधला की काका, मामा, त्यांचे मित्र सगळे फोटोसाठी चढतात. तुम्हाला नाही म्हणता येईल का, याचा विचार करून ठेवा.

तुमच्या मंडळींचा विरोध तुम्ही एका वाक्यात लिहून पुढे गेलात. मला तर पत्रातलं सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य तेच वाटलं. मुलीचा म्हणून घोडा येतो आणि शेण आईच्या वाट्याला जातं, हे मी किती घरांत पाहिलंय. घोडा रोज पंधरा-वीस किलो शेण टाकतो. मुलगी शाळेत, तुम्ही रानात, मग दुपारचं पाणी कोण दाखवणार? दोन वर्षांनी दहावी. त्यानंतर कॉलेज, कदाचित हॉस्टेल. घोडा पंचवीस वर्षं जगतो, कधी तीसही. दहा वर्षांचा घोडा घेतला तरी मुलगी लग्नाची होईल तेव्हा तो दारात असेल. त्यांना सरळ विचारा की कुठल्या कामाला त्यांची ना आहे आणि कशाला हो. आणि त्या जे सांगतील ते कागदावर मांडून मगच निर्णय घ्या. वडिलांनाही बसवा त्या बैठकीत. त्यांच्या आज्याच्या दारात घोडी होती तेव्हा दारात गडीही होता.

आणखी एक. घोडा एकटा राहत नाही, तो कळपाचा प्राणी आहे. एकट्याला दावणीला बांधून ठेवला तर तो लाकूड चावतो, डुलतो, झुरतो. काहीच सोबत नसण्यापेक्षा म्हशींची सोबत बरी. पण शेजारीपाजारी कुणाचा घोडा असेल तर रोज त्याच्याबरोबर चरायला सोडता येईल का बघा.

आता थोडं मुलीशी बोलते. बाळा, तू एकदाही पडली नाहीस ही चांगली गोष्ट आहे, आणि त्याचं बरंचसं श्रेय त्या क्लासच्या घोड्याला आहे. तो तुझ्या चुका पोटात घालतो. तू सरांना सांग की तासाआधी दोन तास लवकर येते आणि तासानंतर दोन तास थांबते, मला मोतद्दार काकांच्या हाताखाली काम द्या. शेण काढ, खरारा कर, खूर बघ, तोंडाला दाण्याचा तोबरा बांध, नालबंद येईल त्या दिवशी घोडा धरून उभी राहा. सुट्टीत आठवडाभर रोज जा. आषाढ-श्रावणातल्या चिखलात जा, ताप आलेल्या घोड्यापाशी बस. घरी एक वही कर आणि दारातल्या म्हशींचं रोजचं पाणी, वैरण, शेण त्यात लिही, म्हशींची एक वेळ तू सांभाळ. पाचला उठायचं ना? आजपासून म्हशींसाठी ऊठ. हेल्मेटशिवाय आणि टाच असलेल्या बुटाशिवाय कधी चढू नकोस, चपलेचा पाय रिकिबीत अडकतो. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंय का ते आईला विचार. एक पूर्ण पावसाळा आणि एक उन्हाळा असा गेल्यावर मला परत चिठ्ठी लिही, आणि त्यात कँटरबद्दल काही लिहू नकोस. घोड्याची नाडी किती होती ते लिही.

तुम्हाला, बाबांना, एवढंच की वर्षभराने ती तशीच टिकून असेल तर एकदम विकत घेऊ नका. कोल्हापुरात किंवा बेळगावात ज्यांचा घोडा आहे त्यांच्याशी अर्धा खर्च, अर्धं काम असं ठरवून पाहा. घोडा त्यांच्या तबेल्यात, मुलगी आठवड्यातून तीन दिवस. त्यातूनच कळेल की घराला झेपतं का. मग खरेदी. तेव्हा दलालाऐवजी घोडा ओळखणारा पशुवैद्य सोबत न्या, निदान तीन वेगवेगळ्या दिवशी, न सांगता जा, मालकाला आधी बसायला सांगा आणि मग मुलीला बसवा.

प्रश्न : अथणी भागातून लिहितो. घोडागाडीच्या शर्यतीतून काढलेला सहा वर्षांचा घोडा स्वस्तात मिळतोय. आमच्या पुतण्याला (वय १५, नवशिका) घ्यावा का?

उत्तर : नको. गाडीला जुंपलेला घोडा खोगिराला सरावलेला असेलच असं नाही. शर्यतीचा घोडा आरडाओरडा आणि चाबूक यांवर पळायला शिकलेला असतो. नवशिका पोरगा तोल जाऊन जरा ओरडला की तो सुटणार. लगामाने तोंड कठीण झालेलं असतं, पुढच्या पायांच्या शिरा पूर्वी कधी ताणलेल्या असतात, गारवा लागला की असा घोडा लंगडतो. त्या घोड्यालाही आता शांत, जाणता माणूस हवा आहे. असा कुणी तुमच्या माहितीत असेल तर त्याला सांगा, घोड्याचं भलं होईल.

प्रश्न : खानापूर तालुक्यातली आहे. आम्ही सातवीतल्या मुलासाठी तट्टू बघितलं. स्वभाव चांगला, पण कपाळाखाली दोन भोवरे आहेत. सासरे म्हणतात, घरात अपशकुन. काय करावं?

उत्तर : भोवरा म्हणजे केस वळून उगवण्याची जागा. ती गर्भातच ठरते आणि तिचा घराच्या भाग्याशी काही संबंध नाही. बाजारात एकच भोवरा विकणाऱ्याच्या तोंडी शुभ आणि घेणाऱ्याच्या तोंडी अशुभ होतो, भाव ठरेपर्यंत. सासऱ्यांचा मान राखून त्यांना दुसऱ्या काळजीच्या गोष्टी दाखवा, तुमच्याकडे त्या खऱ्या आहेत. खानापुरात पाऊस इतका की तबेल्याची जमीन हातभर उंच, मुरूम ठोकलेली, उताराची हवी. पावसानंतर रक्त पिणाऱ्या मोठ्या माश्या वाढल्या की सरा नावाचा रक्तातल्या परजीवीचा रोग होतो. ताप येतो-जातो, पायांवर आणि पोटाखाली सूज येते, घोडा खातो तरी वाळतो. रक्त तपासून वेळेत कळलं तर औषध आहे. तट्टू आणण्यापूर्वी ग्लँडर्सची रक्ततपासणी मागा. नाकातून चिकट स्राव, कातडीवर फुटणाऱ्या गाठी असा हा रोग माणसालाही होतो, आणि पक्कं निदान झालेल्या घोड्यावर उपचार करत नाहीत, कायद्याने त्याला मारावं लागतं. तपासणीचा निकाल हातात येईपर्यंत पैसे देऊ नका आणि मुलाला त्याच्या तोंडाजवळ जाऊ देऊ नका. तट्टू महाराष्ट्रातून आणणार असाल तर निघतानाच तिथल्या सरकारी पशुवैद्याचा आरोग्य दाखला घ्या, आणि धनुर्वाताची लस कधी दिली ते दाखल्याच्या मागे लिहून घ्या.